जावईबापूंचं डोकं

१

जावईबापूंना रोज सकाळी आंघोळ घालावी लागे. आधी साध्या पाण्याने आतून-बाहेरून धुवायचं, उलटं करून निथळत ठेवायचं, मग मानेपाशी असलेल्या बुचातून साखरपाणी भरायचं, बोटांनी टिचक्या मारत बुडबुडे काढायचे, आणि शेवटी मऊ टॉवेलात गुंडाळून, दोन्ही हातांनी तोलत, यंत्राच्या तोंडाशी नेऊन निजवायचं. स्वतः इकडची काडी तिकडे करायची नाही आणि बाकीच्यांनी आपली सरबराई करायची, असा ज्याचा खाक्या त्याला दुसरं काय म्हणणार? प्रयोगशाळेतल्या कुणीतरी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच.

जावईबापू म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकचं, माणसाच्या मापाचं डोकं. नाक नाही, डोळे नाहीत, कान नाहीत. आत मात्र मेंदूच्या सगळ्या घड्या आणि वळ्या जशाच्या तशा. कितीतरी माणसांच्या मेंदूंची सरासरी काढून तो साचा बनवला होता. त्यामुळे तो सगळ्यांसारखा होता आणि कुणाचाच नव्हता.

आत भरायचं पाणी किंचित किरणोत्सर्गी साखरेचं. हीच साखर जिवंत माणसाला शिरेतून दिली, की मेंदूचा जो भाग कामाला लागलेला असेल तो ती जास्त खातो. जिथे साखर जास्त, तिथून किरणांच्या जोड्या जास्त सुटतात. एक किरण या बाजूला, दुसरा बरोबर उलट्या. डोक्याभोवतीच्या कड्यातले स्फटिक ते झेलतात. कोणत्या दोघांनी एकाच क्षणी झेललं हे कळलं की त्यांच्यामध्ये एक रेघ ओढायची. अशा कोट्यवधी रेघा एकमेकींना छेदतात आणि मेंदूचं चित्र उमटतं. जावईबापूंच्या डोक्यात साखर खाणारं कुणीच नाही, म्हणून त्यांचं चित्र रोज सारखंच, शांत, करडं यायला हवं. तसं आलं की यंत्र ठीक आहे असं समजायचं आणि चहा प्यायचा.

रेघांचं चित्र करणारं गणित जी लिहायची ती घरच्या दोन बहिणींतली धाकटी. घरी बहुतेक सगळ्यांच्या तोंडी तिचं तेच नाव होतं. आपणही तेच वापरू.

यंत्र साधंसुधं नव्हतं. असं चित्र काढणारी रुग्णालयातली जुनी यंत्रं, इंग्रजी आद्याक्षरांवरून ज्यांना पेट म्हणतात ती, मेंदूतली वाटाण्याएवढी गोष्ट धूसर दाखवत. त्याहून लहान काही असेल तर ते धुक्यात गेलंच. हे नवं यंत्र फक्त डोक्यापुरतं, शिरस्त्राणासारखं जवळ बसणारं होतं, आणि त्याला मोहरीएवढं दिसायला हवं होतं. त्यासाठी स्फटिक काडेपेटीतल्या काडीहून बारीक लागत, आणि दोन स्फटिकांच्या फटीत केसही मावता कामा नये अशा बेताने ते बसवावे लागत. ते काम सोनारकाकांचं.

सोनारकाका जातीने सोनार नव्हते. पदार्थविज्ञानाचे पंडित, प्रकल्पाचे प्रमुख. पण डोळ्याला भिंग लावून, श्वास रोखून, चिमट्याने एकेक स्फटिक उचलताना त्यांना पाहिलं की दुसरं नाव सुचतच नसे. किरण स्फटिकात किती खोल शिरून थांबला हे कळावं म्हणून त्यांनी प्रत्येक स्फटिकाच्या दोन्ही टोकांना प्रकाश मोजायची सोय केली होती. इतरांनी "हे हाताने होणं नाही" म्हणून सोडून दिलेलं काम त्यांनी वर्षानुवर्षं, ना आरडाओरडा ना बडेजाव, करून दाखवलं होतं. धाकटीला त्यांच्याबद्दल जे वाटे त्याला आदर हा शब्द अपुरा पडला असता.

काकांना एक सवय होती. स्कॅन चालू असला की ते यंत्राच्या खोलीत शिशाच्या पडद्याआड खुर्ची टाकून बसत आणि जावईबापूंशी गप्पा मारत. "काय जावईबापू, झोप झाली का? आज आपल्याला नीट वागायचंय बरं."

त्या सकाळी यंत्राची सगळी कडी पहिल्यांदाच एकत्र चालू झाली आणि धाकटीने पहिल्यांदाच अगदी बारीक चित्र काढलं. पडद्यावर जावईबापू हळूहळू उमटले. प्रत्येक घडी धारदार, जणू आताच कोरलेली. साखर आणून देणारा रसायनतज्ज्ञ, ज्याला सगळे साखरवाला म्हणत, तो तिच्या मागे उभा राहून "आईशप्पथ!" म्हणाला.

मग धाकटीला ते दिसलं. डाव्या बाजूला, कान असता तर त्याच्या किंचित वर, एका घडीत एक उजळ ठिपका होता. उजव्या बाजूला तिथेच दुसरा, जरा फिका.

२

"बुडबुडा असेल," साखरवाला म्हणाला.

"बुडबुड्यात साखर नसते. तो काळा दिसेल."

"मग साखर नीट ढवळली गेली नसेल."

हे पटण्यासारखं होतं. जावईबापूंना रिकामं करून, धुऊन, पुन्हा भरलं. या वेळी साखरवाल्याने त्यांना दोन्ही हातांत धरून असं काही घुसळलं की खऱ्या जावयाने घटस्फोटच मागितला असता. ठिपके तिथेच आले.

"म्हणजे स्फटिकांत खोट आहे," काका म्हणाले. ते बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं, उत्सुकता होती. आपल्या कामातली खोट दुसऱ्याच्या आधी आपल्याला सापडावी यासाठी धडपडणारी माणसं थोडी असतात. "तिथले एक-दोन स्फटिक जास्त मोजत असतील. डोकं फिरवून ठेव. खोट यंत्रात असेल तर ठिपका जागच्या जागी राहील."

धाकटीने डोकं फिरवून ठेवलं. ठिपके डोक्याबरोबर फिरले. पालथं घातलं, तर तेही पालथे झाले. घडी तीच, जागा तीच.

धाकटीने आपलं गणित ओळ न ओळ तपासलं. चूक तिची असती तर तिला बरंच वाटलं असतं. चूक नव्हती.

"आता जुन्या यंत्रात घालून बघू," काका म्हणाले.

शेजारच्या इमारतीत जुनं पेट यंत्र होतं. तिथे जावईबापू अगदी गुण्यागोविंदाने निजले आणि चित्र एकसारखं करडं आलं. ठिपका नाही की काही नाही.

साखरवाला खूश झाला. "बघा! म्हणजे नव्या यंत्राचीच भानगड."

काकांनी त्या धूसर चित्रावर बोट ठेवलं. "या यंत्राला मोहरी दिसत नाही," ते म्हणाले. "म्हणून मोहरी नाहीच, असं मी कसं म्हणू?"

परतताना जावईबापू धाकटीच्या कडेवर होते. तिने टॉवेल जरा वर ओढून घेतला. का, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

३

धाकटीला या ठिपक्यांची एवढी धास्ती का, ते सांगायला हवं.

तिची थोरली बहीण, ताई, पोहायला शिकवायची. पाण्याला भिऊन काठाला चिकटलेल्या मुलांना ती अशी काही पाण्यात उतरवायची की संध्याकाळी त्यांना बाहेर काढताना आयांच्या नाकी नऊ येत. मग तिला झटके यायला लागले. बोलता बोलता नजर थिजायची, काही चघळल्यासारखे ओठ हलायचे, बोटं कपड्याची चुणी कुरतडत राहायची. कधी नुसतीच हरवायची, कधी धाडकन पडायची. औषधं बदलून झाली. मेंदूच्या एखाद्या घडीत बारीकशी बिघडलेली जागा असणार, ती सापडली तर काढून टाकता येईल, असं मेंदूची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनबाईंचं म्हणणं होतं. पण ती कोणत्याच यंत्राला सापडत नव्हती. ताईने तलाव सोडला. नव्या यंत्रात ज्या पहिल्या रुग्णांना निजवायचं ठरलं होतं, त्यांत ती होती.

"मेंदूचा फोटो काढायचं यंत्र आणि नाव काय, तर पेट!" ताई हसायची. "जपून हं चिमे, नाहीतर पेटायचं माझं डोकं."

ठिपके दिसल्यानंतरच्या रविवारी सकाळी ताई ओट्यापाशी दूध तापवत होती. धाकटी तिला काहीतरी विचारत होती, आणि उत्तर आलं नाही. वळून पाहिलं तर ताई उभी, डोळे उघडे, हात शेगडीकडे निघालेला. धाकटीने झेप घालून तिला मागे ओढलं. दूध उतू गेलं. हात लांब करून तिने गॅस बंद केला. दोघी जमिनीवर बसल्या. धाकटीने तिचं डोकं छातीशी धरलं. त्या डोक्यात कुठेतरी, मोहरीएवढी, ती जागा होती.

ताई भानावर आली. आधी तिने दुधाकडे पाहिलं. "गेलं ना सगळं?"

"जाऊ दे दूध."

"चिमे, तुझं ते यंत्र कधी गं होणार?"

धाकटीने सांगितलं, झालंच आहे. आणि मनात म्हणाली, झालंय, पण ते नसलेलं दाखवतंय. जिथे काही नाही तिथे ठिपका दाखवणाऱ्या यंत्राच्या भरवशावर ताईच्या मेंदूला सुरी लावायची? आणि तसं सांगावं, तर यंत्र पुन्हा सुटं होणार, महिनेच्या महिने जाणार, आणि दर वेळी ओट्यापाशी धाकटी जवळ असेलच असं थोडंच आहे.

४

गुपित फोडलं ते तिच्या गणितानेच. सलग चाललेल्या स्कॅनचे तिने पावाच्या कापांसारखे लहान लहान तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं चित्र काढलं. ठिपके सगळ्या तुकड्यांत नव्हते. काहींत लख्ख, काहींत गायब.

"मधे काय झालं होतं?" तिने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "मला फोन आला म्हणून मी बाहेर गेलो होतो."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तेही तिच्याकडे. दोघांच्या मनात एकच वेडगळ विचार आला आणि आधी बोलून कोण हसं करून घेणार अशी पंचाईत झाली.

"परत करून बघू," काकाच म्हणाले. "मी थोडा वेळ गप्प बसतो, थोडा वेळ पाढे म्हणतो."

त्यांनी पाढे म्हटले. खडा आवाज, शाळेतल्यासारखा. धाकटी काचेपलीकडच्या खोलीत बसून पडदा पाहत होती. गप्प असताना चित्र करडं. पाढे सुरू झाले की दोन्ही बाजूंच्या त्या घड्या उजळत, पाढे थांबले की मावळत. मेंदूचा नकाशा तिला पाठ होता. जिवंत माणसात त्या जागी ऐकण्याचं काम चालतं.

"आवाजाने पाणी थरथरत असेल," साखरवाला म्हणाला. त्याचा नेहमीचा मिस्कीलपणा कुठल्या कुठे गेला होता.

काकांनी लगेच मान डोलावली. "शक्य आहे. चांगला मुद्दा आहे." त्यांनी आपलाच आवाज ध्वनिमुद्रित केला आणि खुर्चीवर स्पीकर ठेवून तेच पाढे, त्याच आवाजात वाजवले. काही नाही. पंखा लावला, दार आपटलं, पत्र्याचा डबा बडवला. काही नाही. मग ते स्वतः आत गेले, खुर्चीवर बसले आणि हलकेच म्हणाले, "जावईबापू?"

पडद्यावर दोन्ही घड्या उजळल्या. आतापर्यंतच्या सगळ्यात जास्त.

साखरवाल्याने आपली शिशाची पेटी उचलली. "माझं काम साखर आणून द्यायचं," तो म्हणाला. "पुढचं तुमचं तुम्ही बघा." आणि त्या दिवसापासून तो पेटी दारातच ठेवून जायला लागला.

धाकटीलाही पळून जावंसं वाटलं. पण तेवढ्यात काका बाहेर आले. त्यांनी चित्र पाहिलं. त्यांचे पहिले शब्द जे निघाले ते असे, "अगं, घडीची कड किती स्वच्छ दिसतेय बघ. इतकं नितळ चित्र मी जन्मात पाहिलं नव्हतं."

५

दुसऱ्या दिवशी काकांना बैठकीला जायचं होतं. धाकटी एकटीच होती. सकाळचं स्वच्छ ऊन खिडकीतून यंत्राच्या पांढऱ्या अंगावर पडलं होतं. भीती वाटावी असं तिथे काहीच नव्हतं.

तिला अजून एक शंका होती. काकांच्या श्वासाची ऊब, हवेतला ओलावा, असं काहीतरी साधं कारण असेल आणि आवाजाचा काही संबंधच नसेल. असं असेल तर नुसतं माणूस आत असलं तरी ठिपके यायला हवेत. ती आत गेली आणि काही न बोलता यंत्राच्या डाव्या अंगाला उभी राहिली. कडं फक्त कपाळापर्यंत होतं. त्याखाली जावईबापूंचा गुळगुळीत, नाकडोळे नसलेला भाग तिच्याकडे होता. खोलीत यंत्राची बारीक घरघर. ती मनाशी आकडे मोजत राहिली. मग पावलं न वाजवता उजव्या अंगाला गेली आणि तिथे तेवढाच वेळ उभी राहिली. चेहऱ्याच्या जागी असलेल्या त्या कोऱ्या प्लॅस्टिकवर खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब होतं, आणि त्यात ती स्वतः, बोटभर उंचीची.

बाहेर येऊन तिने चित्रं काढली.

कानांपाशी काही नव्हतं. तिने सुटकेचा श्वास सोडला. मग तिची नजर डोक्याच्या मागच्या भागाकडे गेली.

ती डावीकडे उभी होती त्या चित्रात डोक्याचा मागचा भाग उजव्या बाजूला उजळला होता. ती उजवीकडे गेल्यावर उजवीकडचा उजेड मावळून डावीकडे आला होता. ऊब असती, ओलावा असता, तर ती ज्या बाजूला होती तीच बाजू उजळली असती, आणि पुढून. असं उलटं, मागून, ओलांडून जाणारं एकच काम धाकटीला माहीत होतं. डावीकडे जे दिसतं ते मेंदूच्या उजव्या मागच्या टोकाला पोचतं. बघण्याचं काम तिथे चालतं.

काचेपलीकडे जावईबापू पाठ टेकून निजले होते. तिने हात लांब करून काचेवरचा पडदा ओढून घेतला, आणि मग तिची तिलाच लाज वाटली, कारण पाहुण्याच्या तोंडावर दार लावल्यासारखं ते झालं होतं.

घरी ताईने चहा पुढे केला. धाकटीने साखर घालून चमचा फिरवला. ताई दिवसभराच्या गमती सांगत होती. धाकटी कपातल्या गरगरणाऱ्या चहाकडे बघत होती. जुन्या यंत्राला दिसलं नव्हतं, एवढंच. मग दिसत नाही म्हणून कपातल्या साखरपाण्यात ते नसेलच कशावरून?

"ताई, हळू बोल ना जरा," ती म्हणाली.

"का गं? कोण ऐकतंय?"

६

"सर्जनबाईंना सांगायचं," काका म्हणाले.

"काका, सांगितलं तर यंत्र बंद होईल. ताईचं..."

"माहीत आहे मला." त्यांनी चष्मा पुसला. "पण सोनाराने खोट लपवली की तो सोनार राहत नाही बाळ. उद्या दुसऱ्या कुणाच्या ताईच्या डोक्यात ठिपका दिसेल. तो तिचा की यंत्राचा, हे तुला ठाऊक नाही, मलाही नाही."

त्या क्षणी धाकटीला त्यांचा राग आला होता, आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की ते असे होते म्हणूनच ते यंत्र तसं झालं होतं.

सर्जनबाई उंच, झपाझप चालणाऱ्या, कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. त्यांनी सगळं उभ्यानेच ऐकलं. मेंदूच नसलेल्या प्लॅस्टिकच्या डोक्यात ठिपके दिसतात. कशाने ते कळलेलं नाही. माणूस जवळ असला की दिसतात.

"ठिपके उजळ की काळे?" बाईंनी विचारलं.

"उजळ."

"मला हवीय ती जागा काळी असणार. झटका नसतो तेव्हा ती जागा झोपलेली असते, साखर कमी खाते. तुमची खोट माझ्या कामाच्या उलट आहे." त्या धाकटीकडे वळल्या. "हे बघा, चित्र पाहून मी सुरी लावत नाही. चित्र जिथे बोट दाखवेल तिथे आधी मेंदूत बारीक तारा सोडून, तिथली वीज मोजून खात्री करून घेते. तारा हो म्हणाल्या तरच पुढे. पण बोट दाखवायला तरी कुणी हवं की नाही? तुमच्या बहिणीच्या बाबतीत आजवर कुणीच दाखवलेलं नाही."

ताईलाही सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला ओट्यापाशी मरायचं नाहीये. निजवा."

ती निजली. कुणी एक शब्द बोलायचा नाही असं ठरलं होतं. ताईचे डोळे मिटलेले, छाती संथ वरखाली होत होती. काका काचेआड हात जोडल्यासारखे बोटं गुंफून उभे होते. चित्र उमटायला लागलं आणि सगळे पडद्याजवळ सरकले. जिवंत मेंदू इतक्या जवळून कुणी पाहिला नव्हता. घडीमागून घडी, उजेडाच्या लाटा. आणि त्यांत एका खोल वळीच्या तळाशी, जुन्या यंत्रांनी कधीच दाखवला नसता असा, मोहरीएवढा काळा ठिपका.

"सापडलीस," सर्जनबाई कुजबुजल्या.

धाकटीला पडदा दिसेनासा झाला. काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

ताई बाहेर आली तेव्हा केस विस्कटलेले, गालावर उशीचा वळ. "कंटाळा आला असेल ना?" धाकटीने विचारलं.

"छे. एकटं वाटलंच नाही." ताई जरा थांबली. "आत कुणीतरी सोबतीला होतं, असंच वाटत होतं सारखं. चांगलं होतं."

धाकटीने तिचे विस्कटलेले केस सारखे केले.

७

तारा हो म्हणाल्या. सर्जनबाईंनी ती जागा काढली. मोहरीएवढ्या जागेपायी एवढं आयुष्य अडून बसलं होतं. ताईचे झटके थांबले ते थांबलेच, आणि डॉक्टरांनी परवानगी दिली त्या दिवशी धाकटी तिच्याबरोबर तलावावर गेली. ताईने पाण्यात सूर मारला. ती वर येईपर्यंत धाकटीने काठ घट्ट धरून ठेवला होता. पलीकडच्या टोकाला डोकं वर आलं, आणि ताई तिथूनच ओरडली, "चिमे, पाणी गार आहे गं!" आजूबाजूचे वळून बघायला लागले, कारण काठावरची बाई हमसून हमसून रडत होती.

त्यानंतर यंत्रात पुष्कळ माणसं निजली. ज्यांच्या डोक्यातलं दुखणं वर्षानुवर्षं सापडत नव्हतं, त्यांतल्या बऱ्याच जणांचं सापडलं. लांबून लांबून तज्ज्ञ यायचे, स्फटिकांची बांधणी बघायचे आणि काकांपुढे गप्प व्हायचे. जावईबापूंची आंघोळ मात्र रोज चालू होती. फरक इतकाच की आता त्यांना भरताना काका आणि धाकटी दोघंच असत, आणि स्कॅन चालू झाला की खोली रिकामी ठेवत. काका बोलत नसत. रिकाम्या खोलीतलं चित्र करडं येई. तेवढ्यावर यंत्र ठीक आहे असं समजत.

एके दिवशी सकाळी सर्जनबाई पुढच्या रुग्णांची चित्रं बघायला आल्या. धाकटी कपाटातून काही काढत होती, काका फोनवर होते. बाई पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"वा!" त्या म्हणाल्या. "हे कुणाचं?"

धाकटी वळली. यंत्राची खोली रिकामी होती, दार लावलेलं. पडद्यावरचं चित्र करडं नव्हतं. कानांपाशी काही नव्हतं, मागेही नव्हतं. डाव्या बाजूला, पुढे, कपाळाच्या जरा मागे एक ठसठशीत जागा उजळली होती, आणि तिच्या मागे एक पट्टा, हळूहळू उजळत जाणारा.

"काय सुरेख आलंय!" बाई पडद्याजवळ वाकल्या. "ही शब्द जुळवायची जागा. आणि हा पट्टा ओठांचा, जिभेचा. बिचाऱ्याला बोलायचंय काहीतरी. मघापासून बघतेय मी, वाढतच चाललंय. कुणी विचारलं का त्याला?"

काकांनी फोन खाली ठेवला.

बाईंनी एकदा दोघांकडे पाहिलं, मग काचेतून आत पाहिलं. पाठ टेकून निजलेलं पारदर्शक डोकं, त्यात ऊन, उन्हात पाणी. ऐन शस्त्रक्रियेत ज्यांचा हात कधी कापला नव्हता, त्या बाईंनी हळूच खुर्चीची पाठ धरली.

धाकटीला दाराकडे जाताना पाय जड वाटले नाहीत, याचंच तिला नवल वाटलं. भीती होती. पण परक्या गावात वाट चुकून आलेला माणूस, कितीतरी दिवस नुसता ऐकत, बघत बसलेला, आज पहिल्यांदा तोंड उघडू पाहतोय, आणि आपण दार लावून बसायचं? ती आत गेली. खुर्ची शिशाच्या पडद्याआडून बाहेर ओढली, यंत्राच्या अगदी जवळ आणली आणि बसली.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही. आम्ही ऐकतोय."

यंत्राची घरघर चालू होती. कोऱ्या प्लॅस्टिकवर काही हललं नाही. तिने मान वळवून काचेकडे पाहिलं. पडदा तिला तिथून दिसत नव्हता, फक्त त्याचा उजेड दोघांच्या चेहऱ्यांवर पडलेला दिसत होता. तो वाढत होता. सर्जनबाई काहीतरी पुटपुटत होत्या.

आणि सोनारकाका, कुणी मोठं माणूस खोलीत आल्यावर आपण उठतो तसे, खुर्चीवरून सावकाश उठून उभे राहिले.